दाताचा दाखला

दात पडला तेव्हा देवानंद सिरसाट दुधात कुस्करलेली भाकर खात होता. खालची उजवीकडची दाढ महिनाभर हलत होतीच. त्यानं ती जिभेनं ढकलून तळहातावर घेतली, एकदा निरखून पाहिली आणि बसल्या जागेवरून अंगणापलीकडच्या नालीकडे भिरकावली. चूळ भरून तो पुन्हा भिंतीला टेकला. पायांची सूज गुडघ्यांपर्यंत चढली होती. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

त्याची बायको उज्ज्वला शेगडीपाशी बसून हे पाहत होती.  दुपारी त्याचा डोळा लागल्यावर ती नालीकाठी गेली. दाढ नालीत पडली नव्हती, काठावरच्या गवतात अडकली होती. तिनं ती धुतली, हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि डबी कंबरेला खोचून तशीच डाळमिलच्या फाटकाकडे निघाली. तिथं आठ दिवसांपासून दाताची गाडी उभी होती.

अकोल्यात सगळे तिला दाताची गाडीच म्हणायचे. २०४३ साली राज्यानं मोफत उपचारांसाठीची कागदांची अट काढून टाकली, तेव्हापासून अशा गाड्या जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होत्या. त्याआधी सरकारी योजनेत यायचं तर रेशनकार्डावर नाव हवं, नाहीतर मालकाची चिठ्ठी हवी. उज्ज्वला डाळमिलमध्ये रोजंदारीवर पोती शिवायची, तिला चिठ्ठी कोण देणार? आणि देवानंद नऊ वर्षं घरी नव्हता, त्या काळात त्याचं नाव कार्डावरून उडालं होतं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करा, असं डॉक्टरांनी सांगून दोन महिने झाले होते, आणि एकदाही झालं नव्हतं.

मोफत उपचारांचं कार्ड मिळायला नव्या कायद्यात अट एकच होती. माणूस गेली दहा वर्षं सलग जिल्ह्यात राहिलेला असला पाहिजे. त्याचा पुरावा कागद देणार नव्हता, दात देणार होता.

दाताच्या मुळावर सिमेंटसारखा एक पातळ थर असतो. झाडाच्या खोडात दरवर्षी एक कडं वाढतं, तसं या थरातही वाढतं, आणि माणूस जिवंत असेपर्यंत वाढत राहतं. त्या वर्षी माणूस ज्या गावचं पाणी प्यायला असेल, त्या पाण्यातले क्षार त्या कड्यात जाऊन बसतात. पाण्याला क्षार मिळतात खडकातून आणि मातीतून, आणि खडक-माती जागोजागी वेगळी. काळ्या बेसॉल्टवरच्या विहिरीचं पाणी निराळी खूण ठेवतं, समुद्रकाठचं निराळी. गाडीतलं यंत्र केसाहून बारीक लेझर एकेका कड्यावर टाकायचं, त्यातून निघालेली वाफ तपासायचं, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक विहिरीच्या, धरणाच्या, बोअरच्या पाण्याशी ताडून पाहायचं. ज्यांच्याकडे आयुष्यभरात एकही धड कागद नव्हता, अशा हजारो माणसांना त्या यंत्रानं दाखला दिला होता. पालात राहणारे, वीटभट्टीवरचे, पुलाखालचे, सगळे रांगेत उभे राहून एखादी किडकी दाढ देऊन जात.

देवानंद मात्र गाडीकडे फिरकायला तयार नव्हता.

“दात काढाले भेव वाटते, अन् मराले नाई वाटत?” उज्ज्वलानं आठवड्यापूर्वी त्याला विचारलं होतं.

“नऊ वर्सं सुरतले होतो मी,” तो म्हणाला होता. “थे मशीन सांगून देईन. कार्ड त भेटनारच नाई, वरून चौकशी मागं लागन.”

त्यांची मुलगी समीक्षा बाजूलाच बसली होती. बावीस वर्षांची होती, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला जायची. तीही बापाच्या बाजूनं बोलली. “आई, राहू दे ना. नाई बसत आपण त्या नियमात. दुसरं काही पाहू.”

“दुसरं काय पाहतं व? सांग ना मले.”



सुरतेची गोष्ट उज्ज्वलाला पाठ होती. देवानंद अकरा वर्षांपूर्वी कामाच्या शोधात गेला. तिथल्या रंगाच्या कारखान्यात अपघात झाला, ठेकेदारानं फोन आणि कागद काढून घेतले, पुढं तोंड दाखवायची लाज वाटत गेली. दोन वर्षांपूर्वी समीक्षाला तिथल्या एका दवाखान्यातून फोन आला आणि ती एकटी जाऊन बापाला घेऊन आली. उज्ज्वलानं दारात त्याला पाहिलं तेव्हा तिला आधी तो ओळखूच आला नाही. मग ती रडली, आणि त्यानंतर एकदाही तिनं त्याला नऊ वर्षांचा हिशेब विचारला नाही. आलेला माणूस आजारी होता, तेवढं तिला पुरलं.

गाडीत डॉ. रूपाली मोहोड होत्या. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, बोलता बोलता हात हलवायची सवय असलेल्या. त्यांनी डबी उघडून दाढ उजेडात धरली.

“वा! मूळ पूर्ण आहे. रुग्ण येऊ शकत नाही का?”

“उठवत नाई त्यायच्यानं.”

“मग घरच्यांचं निवेदन लागेल. मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. शपथेवर रेकॉर्ड होतंय. खोटं सांगितलं तर तुमचं स्वतःचं उपचारांचं कार्ड वर्षभर बंद होतं, हे आधीच सांगून ठेवते. रुग्ण गेल्या दहा वर्षांत जिल्ह्याबाहेर राहिला आहे?”

रांगेतल्या बायका म्हणायच्या की घरच्यांनी ठामपणे सांगितलं तर ती माणसं बारकाईनं पाहत नाहीत. उज्ज्वलानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात तिनं शपथेवर काही सांगितलं नव्हतं.

“नाई राह्यले.”

“सलग तुमच्याबरोबरच?”

“माह्याबरोबरच. घरीच होते.”

बाहेर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं, हळदीची डबी आतच राहिली होती.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. ती मिलमधून सरळ गेली, केसांवर तुरीचा भुसा तसाच होता. आता पकडतील, असंच तिला वाटत होतं. डॉ. मोहोड हसत समोर आल्या.

“अभिनंदन! पात्र आहेत. सोमवारपासून सर्वोपचार रुग्णालयात डायलिसिस सुरू करू.”

उज्ज्वलाला ते कळायला वेळ लागला. “पात्र म्हंजे? कार्ड भेटन?”

“मिळालंच समजा. जन्मापासून जिल्हा सोडलेला नाही त्यांनी. एकही वर्ष नाही.”

उज्ज्वला स्टुलावर बसली. यंत्र चुकलं होतं. गरिबाच्या बाजूनं एकदा तरी काही चुकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं दोन्ही हात जोडले.

डॉ. मोहोडना आपल्या यंत्राचं फार कौतुक होतं. त्यांनी पडद्यावर दाताच्या मुळाचं चित्र आणलं. पिवळसर कडी एकाला एक लागून दिसत होती. “हे बघा. बाहेरची दोन, म्हणजे ही गेली दोन वर्षं. काटेपूर्णा धरणाचं पाणी, तुमच्या नळाला येतं ते. आणि ही आतली, लहानपणापासूनची, तीही तीच. पण मधली नऊ बघा, कशी गडद आहेत. हा खारपाणपट्टा. पूर्णाकाठच्या जमिनीखालचं खारं पाणी. किडन्या का गेल्या तेही इथंच कळतं, नऊ वर्षं सतत हेच पाणी पोटात गेलंय. तुम्ही लोक तेव्हा तिकडे राहत होता का?”

उज्ज्वला पडद्याकडे पाहत राहिली.

“सुरतचं पानी असंच खारं असते का?” तिनं हळूच विचारलं.

“सुरत? छे. तापीच्या पाण्याची खूण पूर्ण वेगळी. हे तर मी गावासकट सांगू शकते. बाकी गावांना नळ आले, तीनच गावं जुन्या विहिरींवर राहिली. त्यातही हा बोरॉनचा आकडा एकाच विहिरीचा आहे. पिंपळटोक.” बोलता बोलता डॉक्टरांचं लक्ष उज्ज्वलाच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांचा हलणारा हात थांबला. “ताई, तुम्ही... तुमच्याबरोबरच होते म्हणालात ना?”

“हो,” उज्ज्वला म्हणाली. “म्हनलं होतं मी.”

अकोल्याहून पिंपळटोक बत्तीस किलोमीटर आहे. दुसऱ्या दिवशी ती मिलला म्हणून निघाली आणि एसटी स्टँडवर गेली. सव्वा तासाचा रस्ता. नऊ वर्षांत तिनं परगावी कामाला जाणाऱ्या लोकांच्या हातात त्याचे फोटो दिले होते, अनोळखी माणसांचे पाय धरले होते, एकदा बेवारस प्रेताचं वर्णन ऐकून भुसावळपर्यंत जाऊन आली होती. सव्वा तासावरच्या या गावात ती कधी आली नव्हती. यायला कारणच नव्हतं.

स्टँडजवळच्या टपरीवर तिनं देवानंदचा फोटो दाखवला. टपरीवाला लगेच म्हणाला, “हे त आमचे मोटारवाले भाऊ. पंप दुरुस्त करत. रत्नमालाबाईच्या घरी इचारा, थे चक्की दिसते ना, त्याच्या मागं.”

रत्नमाला दारातच बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. चाळिशीची, सावळी, कपाळ मोठं. तिनं मान वर केली, उज्ज्वलाच्या चेहऱ्यावर तिची नजर थांबली आणि शेंग हातातच राहिली.

“तुमी समीक्षाची आई का?”

उज्ज्वलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “समीक्षाले कशा ओळखता तुमी?”

“चेहरा तसाच हाय.” रत्नमाला उठायला गेली, पण पाय उचलेना. तिनं चौकटीला धरलं. “बसा. पानी देऊ का?”

“नोको.”

 मग रत्नमालाच बोलायला लागली, मनाशी ठरवून ठेवलेलं सांगावं तशी. “मले त्यायनं सांगतलं होतं का बायको मेली. इथं पंप बसवाले आले, माहा नवरा नुकताच गेला होता. राह्यले. मग पाच वर्सांपहिले तुमची पोरगी आली. अकोटच्या बाजारात तिनं बापाले पाह्यलं अन् मागं मागं इथलोक आली. तवा मले समजलं का तुमी जित्या हाय. मी त्यायले म्हनलं, जा घरी. थे म्हनत, उद्या जाईन. त्यायचं सगळं उद्यावरच असते.”

“पाच वर्सांपहिले,” उज्ज्वला म्हणाली. तेव्हा समीक्षा सतरा वर्षांची होती. बारावीला होती. त्या वर्षी उज्ज्वलानं डबल पाळी केली होती, पोरीच्या क्लाससाठी. पोरगी रविवारी क्लासला जायची.

“दर रविवारी यायची का?”

“दर नाई. महिन्यातून एखांदा येळ.” रत्नमालानं डोळे पुसले. “मग त्यायची तब्येत बिघडली. माह्याच्यानं होईना. पोरगी म्हने मी नेतो घरी. नेलं तिनं.”

उज्ज्वलानं तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं. रत्नमालाचे घोटे सुजलेले होते. साडीच्या काठाखाली पायांची कातडी ताणून चकाकत होती. तिला ती सूज अनोळखी नव्हती. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी तशाच पायांना तेल चोळत आली होती.

“कधीपासून हाय हे?” तिनं विचारलं, आणि विचारल्याचा तिला स्वतःचाच राग आला.

“झालं वर्स. आमच्याकडे घरटी एक तरी हाय असं. कार्ड नाई न काही नाई, कोठी जाता?”

उज्ज्वला उठली. चार पावलं गेली, थांबली, वळली. “दाताची गाडी डाळमिलपाशी उभी हाय अकोल्याले. एखांदी दाढ हालत असन त घेऊन जा. गाव सोडलं नसन त कार्ड भेटते.” एवढं एका दमात बोलून ती मागं न पाहता स्टँडकडे निघाली. एसटीत बसल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. 

ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. समीक्षा दुकानातून येऊन बापाला औषध देत होती. उज्ज्वलानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “पिंपळटोकले गेलती मी.”

समीक्षाच्या चमच्यातलं औषध देवानंदच्या सदऱ्यावर सांडलं. कुणीच ते पुसलं नाही.

“दात कोनं देल्ला?” देवानंदनं विचारलं. नऊ वर्षांनंतर त्याला हाच प्रश्न सुचला.

“मी देल्ला. तुमी फेकला होता ना, नालीकाठून उचलून नेला मी. तुमी वाचावं म्हनून.” ती त्याच्यासमोर बसली. “शपथ खाऊन खोटं सांगतलं म्या, का हा मानूस कोठीच नाई गेला. अन् थे मशीन म्हनते, बाई खरं बोलते.”

“उज्ज्वला, मी दरवेळी ठरवायचो...”

“तुमी नोका बोलू.” ती शांतपणे म्हणाली. “तुमचं समजलं मले. बाई भेटली, राह्यले. घाबरट होते, घाबरट राह्यले. त्याच्यात समजाचं काय हाय?” तिनं मान वळवली. “मले हिच्यासंग बोलाचं हाय.”

समीक्षा भिंतीला चिकटून उभी होती. “आई, तुले सांगतलं असतं त तू मोडून पडली असती. मले वाटलं, बाबा आपोआप येतीन. मी दरवेळी त्यायले तेच म्हनायची.”

“अन् सुरत?”

समीक्षा रडायला लागली.

“सुरत कोनाच्या डोक्यातून निघालं? याच्या डोक्यात एवढं नाई येत.”

“माह्याच. थे आजारी पडले. घरी आनाचे होते. काही त सांगावं लागत होतं ना तुले.”

“दवाखान्याचा फोनही तूच रचला.”

“हो.”

उज्ज्वलानं पोरीकडे पाहिलं. तिनं समीक्षाला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल एकदाच मारलं होतं, आणि मग स्वतःच रात्रभर जागली होती. आज तिला हात उचलावासाही वाटला नाही. “हा मानूस गेला थो एकदा गेला,” ती म्हणाली. “तू पाच वर्सं रोज माह्या ताटात जेवली. मी भुसावळले थे प्रेत पाहाले गेली तवा तू मले पोळ्या बांधून देल्ल्या होत्या. तुले ठाऊक होतं थे तुहा बाप नाई. तरी तू पोळ्या बांधल्या.”

 देवानंद भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

सोमवारी उज्ज्वलाच त्याला रुग्णालयात घेऊन गेली. कार्ड तिनंच दाखवलं, पलंग तिनंच शोधला. नळ्या लागून त्याचं रक्त यंत्रातून फिरायला लागल्यावर परिचारिकेनं विचारलं, “पेशंटसोबत कोण राहणार?”

“मुलगी,” उज्ज्वला म्हणाली. समीक्षा दारात उभी होती. उज्ज्वला तिच्या शेजारून बाहेर पडली आणि दाताच्या गाडीकडे गेली.

“माहं निवेदन खोडाचं हाय,” तिनं डॉ. मोहोडना सांगितलं. “मी खोटं बोलली.”

डॉक्टर गोंधळल्या. “पण ताई, रिपोर्टप्रमाणे ते जिल्ह्यातच होते. तुमचं वाक्य खरंच ठरलंय. तसंच राहू द्या, त्यांच्या उपचारांना काही धक्का नाही.”

“त्यायच्या उपचाराचं नाई म्हनत मी. माह्याबरोबर होते, असं लिवलं हाय. थे काढा.”

“ते काढलं तर तुमचं निवेदन खोटं धरलं जाईल. तुमचं कार्ड वर्षभर बंद होईल. तुम्हाला काही झालं तर?”

“झालं त पाहू.” उज्ज्वला स्टुलावर बसली. “डॉक्टरबाई, नऊ वर्सं मी एकटीनं काढली. पोरगी शिकवली, घराचं छत घातलं, सासू वारली त खांदा देल्ला. सरकारच्या कागदावर थे त्यायच्या वाट्याले कायले जावं?”

डॉ. मोहोडनी चष्मा काढून पुसला.  “मी तुम्हाला त्या दिवशी असं सांगायला नको होतं,” त्या शेवटी म्हणाल्या.

“नाई सांगतलं असतं त तुमीही त्यायच्यातल्याच झाल्या असत्या.”

डॉक्टरांनी कॅमेरा सुरू केला. उज्ज्वलानं पुन्हा शपथ घेतली आणि या वेळी निघताना हळदीची डबी आठवणीनं मागून घेतली.

देवानंद त्या घरी परत आला नाही. समीक्षानं रुग्णालयाजवळ एक खोली बघितली आणि बापाला तिथं नेलं. सामान न्यायला ती दुपारी आली, आई मिलमध्ये असताना. उज्ज्वला घरी आली तेव्हा फळीवरची पोरीची पुस्तकं गेलेली होती आणि धुळीत त्यांच्या चौकोनी खुणा राहिल्या होत्या. तिनं फडकं घेतलं, पण पुसल्या नाहीत. आठवड्याभरानं पुसल्या.

दीड महिन्यानं, एका रविवारी सकाळी, समीक्षा दारात येऊन उभी राहिली. वाळली होती. उज्ज्वला उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं, बस म्हणाली नाही.

“बाबांची सूज उतरली,” समीक्षा म्हणाली. “आता जिना चढतात.”

उज्ज्वलाच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. ते सैल झालेलं तिला आवडलं नाही. ती खडे वेचत राहिली.

“पिंपळटोकच्या बावीस जनायले कार्ड भेटलं. रत्नमालाबाई पन आमच्याच वॉर्डात येतात. गुरुवारी.” समीक्षा थांबली. “त्या म्हनतात, आईले सांग.”

“सांगतलं ना?”

“हो.”

“झालं मग.”

रस्त्यावरून एक ट्रक गेला. समीक्षानं चप्पल काढायला पाय अर्धा उचलला आणि पुन्हा ठेवला.

“आई, आत येऊ का?”

उज्ज्वलानं सूप बाजूला ठेवलं. पोरीच्या चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, बापासारखं नाक, आणि जुळत आलेल्या तिच्या स्वतःच्याच भुवया. तिला आत घ्यावं असं वाटत होतं, आणि घेतलं तर पहिला घास वाढताना आपल्याला पोळ्या आठवतील, हेही ठाऊक होतं.

“आज नोको,” ती म्हणाली.

“मग कधी?”

“मले ठाऊक नाई. इचारत जाय.”

समीक्षानं मान हलवली. ती वळली आणि रस्त्याला लागली. उज्ज्वलानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पोरगी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत तिनं एकही खडा वेचला नाही.